लाल दिव्याखालची खोली

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून वहिनीकडे चौकशी केली, तर म्हणाली, तू दुकान बंद ठेवून घरीच असतोस. चष्म्यांचा कंटाळा आला की गिऱ्हाइकांचा?

इथे प्रयोगशाळेत आमचा दिवस उलटा. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून भर दुपारी खोली काळोखी करून, त्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या लाल दिव्याखाली काम चालतं. पाण्याखाली चालल्यासारखी हिंडते मी. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर गोड सोडत नाही. पण ज्याला आम्ही ओल्या भुशात ठेवून, पिंजरा तिरका करून बरेच दिवस छळलेलं असतं, तो दोन्हीतलं सारखंच पितो. त्याला गोडाचं काही वाटेनासं होतं. मग उदासीवरचं औषध देऊन बघायचं, गोडी परत येते का.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
चिमणी

ता. १९ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

दुकान उघडेन गं. हल्ली ऊन खिडकीतून आत येतं, भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत जातं आणि विरतं. मी बघत पडलेला असतो. त्रास असा काही नाही, सगळं लांब गेल्यासारखं वाटतं इतकंच. परवा तुझी वहिनी चहात साखर घालायला विसरली. तिने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, तोवर माझा कप रिकामा. वर माझ्यावरच चिडली. तेव्हा एखादा पिंजरा माझ्यासाठीही बघून ठेव.

एक विचारायचं होतं. प्रयोग संपला की त्या उंदरांचं काय करता?

जपून राहा.

दादा

ता. २३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

चहाचं वाचलं आणि हसूच आलं नाही. भीती वाटली.

विचारलंस म्हणून खरं सांगते. त्यांना मारतात, मेंदू तपासायला. औषधाने सुधारलेल्यांनाही. मला अजून त्याची सवय झालेली नाही. उंदराला काय होतंय ते विचारता येत नाही ना, म्हणून बाटल्यांवरून ताडायचं, नाहीतर कापून बघायचं.

तुला विचारता येतं. वहिनी कचरते, म्हणून मी विचारते. दादा, तुला काय होतंय? डॉक्टरांकडे मी बरोबर येईन, रजा टाकली आहे. पण आधी तू लिही, एक ओळ का होईना.

वाट बघते.

चिमणी

ता. २७ ऑगस्ट

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

बराच वेळ कागद समोर घेऊन बसलो होतो. तुझी वहिनी शेजारी येऊन बसली.

बरं नाही गं मला. ये.

दादा