बंब, गिझर आणि पावण्यांची अंघोळ

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या बाळासोचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली खाली गेलो की वर यायला माणूस बोलवावा लागतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? आजऱ्याच्या थंडीत भावजींचा खोकला वाढला नाही ना? तू पाठवलेला घनसाळ तांदूळ पोचला. पहिल्या दिवशी भात शिजला तर वासानंच शेजारीण वाटी घेऊन आली. फोन का नाही केलास म्हणशील. मी फोनवर बोलायला लागलो की शालन शेजारी येऊन बसते आणि माझं वाक्य माझ्याआधी पुरं करते. पत्रात तेवढी एक सोय आहे.

तर बातमी अशी, की आपल्या घरात गिझर आला. शेजारच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर गणिताचा क्लास निघालाय आणि आपल्या परसातल्या बंबाचा धूर नेमका त्यांच्या खिडकीत शिरतो. तिथले सर दोनदा येऊन गेले. मुलं खोकतात, फळा दिसत नाही, म्हणाले. (धुराच्या आधी गणित कळत होतं का, एवढंच मी विचारलं. शालननं मला आत बोलावलं.) त्यात आपल्या राजनंदिनीचे सासरे, उदयसिंह पावणं, पन्हाळ्याहून डोळे तपासायला येऊन दोन दिवस राहणार असं ठरलं. व्याह्याला धुरात अंघोळ घालायची हे शालनला पटेना. तिनं तिथल्या तिथं निकाल लावला: गिझर घ्यायचा आणि बंब येत्या रविवारी भांडीवाल्याला मोडीत द्यायचा. आबांचा तांब्याचा बंब, आक्का. तू चिंच लावून घासायचीस तो. माझं त्यावर काही म्हणणं नाही. निर्जीव वस्तू आहे, आज ना उद्या जायचीच. मी काही बोललो नाही.

मी दुकानात गेलो. मला वाटलं, आपण दाखवा म्हणायचं आणि त्यानं दाखवायचं. पण त्यानंच माझी मुलाखत घेतली. घरात माणसं किती? अंघोळ बादलीनं का फवाऱ्याखाली? पाणी नळाचं का बोअरचं? (बोअरचं असेल तर आत क्षार धरतो म्हणे, आपल्या चहाच्या भांड्याला धरतो तसाच.) टाकी छतापासून किती उंच? गिझरला स्वतंत्र जाड वायर आहे का? सोळा अँपिअरचा प्लग? अर्थिंग? मुलीच्या लग्नातसुद्धा मला एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते. शेवटी पंधरा लिटरचा ठरला, सहा हजाराचा. मी खुशीत घरी आलो. पण तो नुसता गिझर झाला. त्याला घरात नांदवायचं म्हणजे वायर, नळ्या, कॉक, वेगळं बटण, फोडलेली भिंत आणि तिच्यावरची फरशी, असे आणखी सात हजार. म्हैस स्वस्त पडली, गोठा महाग पडला.

बसवायला मुनव्वर आला. नळाचंही काम करतो आणि विजेचंही, आणि दोन्हीपेक्षा जास्त बोलतो. पण माझ्यापुढं तोही दमला. तुला ठाऊक आहे, मला एखादी गोष्ट उघडी दिसली की आत डोकवावंसं वाटतं. अर्थिंग म्हणजे नको असलेली वीज जमिनीत सोडायची, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, जमिनीत म्हणजे कुठं? तो म्हणाला, "खाली." मी म्हटलं, खाली कुठपर्यंत? "काका, मला जेवाय जायाचं हाय की ओ!" मग परसात खड्डा खणला. त्यात मीठ आणि कोळसा घालावा लागतो. मीठ मागितल्यावर शालननं मिठाची बरणी पदराआड धरली, म्हणून ते दुकानातून आणलं. कोळसे मात्र घरचेच निघाले, बंबाच्या जाळीखालचे. मला जरा कसंसंच झालं. ज्याला घालवायचं त्याच्याच कोळशावर नवा उभा राहिला. पण मी काही बोललो नाही.

आता पावण्यांची अंघोळ. गुरुवारी सकाळी उदयसिंह पावणं न्हाणीत गेले. अर्धी बादली गरम पाणी घेतलं, अंगाला, डोक्याला साबण लावला. मी बाहेर परसात उभा. (गार पाणी गिझरात सोडायचा कॉक परसात बसवून घ्यायचा हट्ट माझाच. मला तो हाताशी हवा होता.) नळीला कान लावला तर आत गार पाणी शिरत असल्याचा आवाज! मी घाबरलो. इतका खर्च करून तापवलेलं पाणी हे गार पाणी नासवणार. पावण्यांना कोमट पाणी म्हणजे लेकीच्या सासरी बोलणं. म्हणून मी मोठ्या मायेनं कॉक बंद केला.

दोन मिनिटांत आतून आरोळी. "पावणं! पाणी गेलं की ओ! डोळ्यात साबण हाय!" गार नळ तिथंच होता, पण बिचाऱ्यांना तो दिसेना. मी बटण खाली-वर केलं. गिझरला हाक मारायची तेवढी बाकी ठेवली. मुनव्वरला फोन लावला तर तो उचलेना. (माझा नंबर त्यानं कुठल्या नावानं ठेवलाय कोण जाणे.) वरच्या क्लासची मुलं गणित सोडून खिडकीत. शेवटी शालन पिठाच्या हातानं बाहेर आली, कॉक बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बंबात गार वतल्याबिगर कवा गरम आलंय व्हय? मग ह्यातनं कसं येईल?"

आक्का, खरंच की! आपला बंब नळाचा नव्हे ना, तोटीचा. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार ओतायचं, तेव्हा पुढच्या तोटीतून तांब्याभर गरम सांडायचं. गार आत जाऊन गरमाला बाहेर ढकलतं. ह्या पांढऱ्या पेटीतही तेच चाललंय! नाव नवं, बटण नवं, लाल दिवा नवा, आत आपलाच बंब. थंडीत मी रडायला लागलो की तू म्हणायचीस, "आधी वत, मग घे." सगळा जन्म त्या तोटीखाली अंघोळ करून मी कॉक बंद केला. मी इतका वेळ विचार करत उभा राहिलो, की कॉक शालननंच उघडला. पावणं लाल डोळ्यांनी डॉक्टरांकडं गेले.

एकंदरीत गिझर उत्तम. पाणी झटपट, धूर नाही, राख नाही. सगळ्यांनी घ्यावा. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळासो

ता. क. रविवारच्या आत शालनला फोन कर आणि सांग, की आबांनी तो बंब तुझ्या लग्नात तुला दिला होता, तू फक्त इथं ठेवलायस. खोटं बोल म्हणत नाही. आबा तसं खरंच म्हणाले होते, फक्त ते पितळी हंड्याबद्दल. तुझा शब्द ती मोडणार नाही. मला तो बंब जायला नकोय, आक्का. बघ जमलं तर.

ता. क. दुसरा. मागशील तेव्हा नुसता माग. खरोखर न्यायला गाडी पाठवू नकोस.

वन्सं, नमस्कार. हे खालचं मी, शालन, लिहिलंय. पत्र ह्यांनी टपालात टाकीपर्यंत बंबात लपवलं हुतं. घरात बंब घासतंय कोण, एवढं बी ध्यानात न्हाय. भांडीवाल्याला मी कधीच नको म्हणून सांगितलंय. मोडीत घालायचं म्हटलं ते ह्यांनी एकदा तोंड उघडून माझ्याम्होरं "नको" म्हणावं म्हणून. लग्नापासनं वाट बघणं चाललंय. तुमी फोन करा, मी रागावल्यागत करीन, तेवढंच त्यास्नी बरं वाटंल. आणि रविवारी इकडंच या. बंब पेटवूया. वरच्या क्लासला सुट्टी असतीया.