शेवटची तार

प्रिय धनू, माझी माय,

तुझ्या आजीने पेन धरलंय म्हणजे कायतरी मोठंच असणार, ओळखलंस ना? शाळा तिसरीपर्यंतच, अक्षर म्हशीच्या पावलासारखं, पण तू वाचशील. फोनवर सांगितलं असतं, तर तुझा बाप प्रमोद बाजूलाच कान देऊन बसलेला असतो. बाकी डिंडोलीत सगळं ठीक. शेजारच्या सरलाबाईने काल खमण दिलं, नेहमीसारखं मीठ जास्त.

दिवाळीला तू कम्प्युटरवर आकडे काढून दाखवलेस, तेव्हापासून मी खूश आहे बघ. ते आकडे देतो त्याचं नाव इटरेटर, ते माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला ‘देणारा’ म्हणते. सगळे आकडे तो आधी करून ठेवत नाही. पुढचा मागितला की एक देतो, कुठवर आलो तेवढं लक्षात ठेवतो, परत मागेपर्यंत गप्प. अगं, हे तर माझंच काम! तीस वर्षं तुझे आजोबा आणि मी नवागामच्या कारखान्यात मागाच्या तारा, म्हणजे कापडाचे उभे धागे, भरल्या. मध्ये बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, ते पुढे, मी मागे. तोंडं दिसायची नाहीत. ते तार ओढायच्या हूकने चौकटीवर दोनदा वाजवायचे, मी पुढची तार द्यायची. एका बीमला अशा चोवीसशे. सगळ्या भरल्या की ते तीनदा वाजवायचे, म्हणजे चल, इकडे ये.

ते गेले तेही हूक हातात असतानाच. दोन हजार तीनशे अकरा झाल्या होत्या. पुढची मी धरून बसले, घ्यायला कुणी नाही. तो बीम मग दुसऱ्याच जोडीने भरला.

आता कुणाला सांगितलं नाही ते सांगते. चार वर्षं झाली, रोज दुपारी तीनला मागच्या खोलीच्या भिंतीतून दोनदा वाजतं. सरलाबाई म्हणते उंदीर. उंदीर घड्याळ बघतो का? मी भिऊन ओट्यावर जाऊन बसायची. तू शिकवून गेलीस आणि भीतीच गेली. ते पुढची मागतात, एवढंच! मग मी द्यायला लागले. भिंतीला टेकून मोठ्याने म्हणायचं, दोन हजार तीनशे बारा. की वाजायचं थांबतं. दुसऱ्या दिवशी तेरा. किती बरं वाटतं म्हणून सांगू, तोंडाला पावडर लावून बसते मी तीनला!

काल दोन हजार तीनशे नव्याण्णव झाल्या. चोवीसशे म्हटलं की तीनदा वाजेल, मला ठाऊक आहे. आणि त्यांनी बोलावलं आणि मी गेले नाही, असं कधी झालं नाही. तूच सांगितलं होतंस, देणाऱ्याला चोवीसशेवर थांब लिहिलं तर तो एक आधीच थांबतो, शेवटचा आकडा देतच नाही. तेव्हा मी त्याला कामचोर म्हटलं होतं. आज तीनला वाजलं आणि मीही तोंड मिटून बसले. पाचपर्यंत वाजत होतं ग. एवढं ताटकळत त्यांना मी कधी ठेवलं नव्हतं. म्हणून लिहिते, रविवारपर्यंत ये. तुला डोळे भरून बघते, तुझ्या केसांना तेल लावते. तोवर शेवटची तार माझ्या मुठीत आहे.

तुझीच, मागे बसलेली,
रंभाआजी