शेजारच्या खुर्चीवर कोण होतं

नागपूर,
९ मार्च १९८०

प्रिय मुकुंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील अशी मला शंका होती. म्हणून पत्ता शेजारच्या भागीरथाबाईंच्या मुलीकडून लिहून घेतला. अकरा वर्षांनी तुला लिहायला बसले आणि सुरुवातच लबाडीने झाली. पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. यातलं काही तुला आधीच माहीत असेल, तरी मधलं गाळू नको. मला एकामागून एक असंच लिहिता येतं.

हे गेले ते तुला कळलं आहेच. १० जानेवारी, गुरुवार. यांची हिंगण्याला दुसरी पाळी होती, म्हणजे दुपारी तीनची. पण हे सकाळी साडेनऊलाच निघाले. म्हणाले, कंपनीत नवीन मशीन बसवून राहिले, लवकर बोलावलं आहे. असं अधूनमधून व्हायचं, आणि व्हायचं ते गुरुवारीच. त्या दिवशी डबाही मोठा लागायचा. चार भाकरी, वांग्याचं भरीत. मी एकदा विचारलंही की कंपनीत एवढं कोणाला खाऊ घालता? तर म्हणाले, एक जण आहे, त्याला घरचं मिळत नाही. मी पुढे विचारलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी विचारत नाही, मनात ठेवते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होते. पाऊण वाजता सुपरवायझर गोपाळरावांनी हाक मारली, "बाई, तुमचा फोन आहे." ड्यूटीवर घरचे फोन घेऊ देत नाहीत, म्हणून तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे. पलीकडून पुरुषाचा आवाज होता, घोगरा, तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा. "तुमच्या मिस्टरांना मोठ्या दवाखान्यात आणलं आहे. वॉर्ड बारा. लगेच निघा." मी विचारलं, कोण बोलतंय? फोन ठेवला गेला. मी सतरा वर्षं दिवसाला शेकडो आवाज ऐकते. कोणी आवाज लपवत असेल तर मला पहिल्या शब्दाला कळतं. रिक्षात बसल्यावर मी यांचा विचार करायला हवा होता. मी विचार करत होते की सरळ माणूस आवाज कशाला लपवेल?

वॉर्डात पोचले तेव्हा हे शुद्धीत होते, पण नाकाला नळी होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आहे, मोठा आहे. नर्सने यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. घड्याळ, चष्मा, कंपनीचा पास आणि शर्टाच्या खिशातली दोन अर्धी तिकिटं. बर्डीच्या बाजारातल्या टॉकीजची, त्याच दिवशीच्या सकाळच्या खेळाची, शेजारशेजारच्या नंबरांची. मी विचारलं, यांना कोणी आणलं? नर्स म्हणाली, रिक्षात घालून कोणीतरी आणलं, गर्दीत नाव लिहायचं राहिलं. म्हणजे कंपनी नाही, मशीन नाही. सिनेमा, आणि शेजारी कोणीतरी. तीन वाजायच्या आत हे गेले.

मुकुंदा, नवरा गेल्यावर बाई रडते. मी रडले नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. माझ्या डोक्यात एकच होतं, ती कोण? फोन पुरुषाचा होता, पण तेही जुळवायला मला वेळ लागला नाही. तिने रिक्षावाल्याकडून करवला असेल. वीस वर्षं मी ज्या माणसाचे डबे भरले तो माझा होता की नव्हता, हे कळल्याशिवाय मला रडता येत नव्हतं. कोणासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं.

तेरवी झाल्यावर यांची पेटी उघडली. तळाशी एक खाकी पाकीट, त्यात दोऱ्याने बांधलेल्या अर्ध्या तिकिटांच्या जोड्या. सहा वर्षांच्या, सगळ्या गुरुवारच्या, सगळ्या सकाळच्या खेळाच्या. मागे यांच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. एका तिकिटावर "मुनीम, चूक", त्याच्या जोडीच्या तिकिटावर "डॉक्टर, बरोबर". दुसऱ्या जोडीवर पुन्हा "मुनीम, चूक" आणि "दिवाण, चूक". गेल्या दिवाळीच्या सुमाराच्या एका तिकिटावर "नर्स, बरोबर", आणि खाली दोन रेघा. मी चार दिवस ते सगळं जमिनीवर मांडून बसले. खुणेची भाषा असणार हे मी धरूनच चालले. डॉक्टर बरोबर, नर्स बरोबर, म्हणजे दवाखाना. यांच्या कंपनीच्या दवाखान्यात शामला नावाची नर्स आहे हे मला ठाऊक होतं, कारण दसऱ्याला एकदा यांनी तिचं नाव घेतलं होतं. झालं. मला वाटलं, सापडली.

कंपनीच्या कागदांवर सह्या करायच्या आहेत असं सांगून मी हिंगण्याला गेले. शामलाबाई पन्नाशीच्या पुढची, केस निम्मे पांढरे, पायाला पट्टा बांधलेला. तरी माझा संशय जाईना. मी तिच्या टेबलावर पाहत होते, टेबलाखालच्या पर्सकडे पाहत होते, यांनी दिलेलं काही दिसतं का म्हणून. शेवटी तीच म्हणाली, "काय वं बाई, माह्या टेबलाखाली काय पाहून राहिल्या? उंदीर गेला काय?" मग मी तिकिटं काढून तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, हे काय आहे? तिने चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. रागावली नाही. म्हणाली, "कृष्णकांतभाऊ माह्याकडे एकदाच आले होते, बोटाले पत्रा लागला तेव्हा. धनुर्वाताची सुई काढली तर मागच्या दारानं पळून गेले. असा माणूस काय कोणाच्या मागं लागन?" मग चहा मागवला आणि म्हणाली, "तिकीट टॉकीजचं आहे तर टॉकीजवाल्याले विचारा ना. माह्याकडे काहून आल्या?"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. यांना जे सिनेमे आवडायचे त्यातले गुप्तहेर असेच असतात. लग्नानंतर यांनी मला एकदा असा एक दाखवला होता. जुनी हवेली, एक जाडा आणि एक काडीसारखा गुप्तहेर. जाडा मेणबत्ती घेऊन भूत शोधतो, आणि भूत मागून येऊन त्याच्याच मेणबत्तीवर विडी पेटवतं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. हे डोळे पुसत होते. मी मध्यंतरात म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? यांनी पुन्हा मला कधी चल म्हटलं नाही. मलाही वाटलं, सुटले. आता मीच भिंगं लावून हिंडत होते आणि भलत्याच बाईच्या टेबलाखाली वाकत होते.

टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारा रामाजी नावाचा म्हातारा आहे. मी यांचा कंपनीच्या पासावरचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हे काय सांगता बाई! हे तर आपले गुरुवारचे." गुरुवारी सकाळी तिथे जुने काळेपांढरे सिनेमे लागतात, भुताच्या हवेलीचे, कधी हिंदी, कधी इंग्रजी. शे-दीडशे माणसं, बहुतेक ठरलेली. त्यांचा एक रिवाज आहे. मध्यंतरात सगळ्यांनी सांगायचं की भुताचा बुरखा घालून फिरणारा माणूस कोण आहे. मुनीम, डॉक्टर, पुतण्या, नर्स, जो असेल तो. ज्याचं चुकेल त्याने पुढच्या गुरुवारी चहा पाजायचा. यांची खुणेची भाषा ही. रामाजी म्हणाला, "तुमचे मिस्टर नेहमी हरत. मुनीमच म्हणत. मी म्हणो, अगा, दर येळी मुनीम कसा असंन? तर म्हणत, मुनीमाची मिशी मले पटत नाही."

मग मी विचारलं, बरोबर कोण असायचं? रामाजी हसला. "त्यो टोपीवाला. दोघं मध्यंतरात पायऱ्यांवर बसून एका डब्यात खात. लई भित्रा माणूस. भूत आलं की टोपी तोंडावर ओढे आन् विचारे, गेलं काय? तुमचे मिस्टर मुद्दाम म्हणत, गेलं. मग त्यो टोपी काढे, तर भूत समोरच."

मी तिथल्या बाकावर बसले. कन्हानला नदीकाठी तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, मी बारा. पडद्यावर राक्षस आला की तू माझ्या मांडीत तोंड खुपसायचास आणि विचारायचास, ताई, गेलं काय? मी खरं सांगायची. तेवढाच फरक.

म्हणजे सहा वर्षं माझं भरीत तू खात होतास. खदानीतली तुझी सुट्टी गुरुवारी, म्हणून यांचा गुरुवार. तुम्ही दोघं पुन्हा कुठे भेटलात, कोणी आधी कोणाला हाक मारली, हे मला अजून कळलेलं नाही. हे माझ्याशी खोटं बोलले याचा राग मला आहे, आणि तुझ्यावरही आहे. पण खोटं का बोलावं लागलं तेही मला माहीत आहे. माय गेली तेव्हा तू पाठवलेला माणूस आमच्या जुन्या खोलीवर जाऊन परत फिरला, आणि मी पोचले ती राख सावडायला. तू मला मुद्दाम कळवलं नाहीस असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तू शपथा घेतल्यास. मी म्हणाले, माझ्या नजरेला पडू नकोस. यांनी नंतर दोनतीनदा विषय काढला, तेव्हा मी जेवणावरून उठून गेले. मग यांनी विषय सोडला. तुला मात्र सोडलं नाही.

त्या दिवशीचंही रामाजीने सांगितलं. मध्यंतर होऊन गेलं होतं, गुप्तहेर पलंगाखाली अडकला होता, सगळं टॉकीज हसत होतं. हे पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून वाकले. "आम्हाले वाटलं, हसूनच राहिले. त्यायची सवयच होती तशी." मागचे लोक यांच्याकडे बघून आणखी हसले. एकटा तूच उठून ओरडलास, बत्ती लावा, बत्ती लावा. लोकांना तीही गंमत वाटली. तू यांना पाठीवर घेऊन बाहेर आलास. तुझी टोपी आत राहिली, ती रामाजीने जपून ठेवली आहे. आणि मग तू मला फोन केलास, तोंडावर रुमाल धरून. नाव सांगितलं असतंस तर मी फोन ठेवला असता. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मायच्या वेळी मला तेवढा वेळ मिळाला नव्हता. यांच्या वेळी मिळाला तो तुझ्यामुळे. मी दीड तास यांच्याजवळ होते.

आता जे लिहायला मी दोन महिने घेतले ते लिहिते. त्या दीड तासात हे फार बोलले नाहीत. एकदा डोळे उघडले आणि म्हणाले, "बाहेर उभं असंन. आत बोलाव." मी विचारलं नाही, कोण. माझ्या मुठीत ती दोन तिकिटं होती. मी दाराकडे न पाहता म्हणाले, बाहेर कोणी नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, बोलाव ना. मी पुन्हा म्हणाले, कोणी नाही. मला वाटलं, बाहेर एखादी बाई पदर डोळ्यांना लावून उभी असेल, आणि मला तिला आत येऊ द्यायचं नव्हतं. परवा मी त्या वॉर्डात जाऊन तिथल्या आया तुळसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एक माणूस जिन्यापाशी उभा होता, चार वाजता यांना बाहेर काढेपर्यंत. त्यांनी त्याला दोनदा म्हटलं, आत जा गा, काहून उभा आहेस? तर तो म्हणाला, "आत माही बहीण आहे." मुकुंदा, यांनी तुला दोनदा बोलावलं होतं आणि ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही ते मी. आपल्याला बोलावलं नाही असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव, पत्राने रागावू नको. मी घरीच आहे.

तुझीच,
प्रमोदिनीताई