आई अजून आली नाही

लवळे, शनिवार
एप्रिल १९५८

आज तपासणीला साहेब आले आणि पहिलीतली गंगू वाचनात नापास झाली. डोक्यातून जात नाही.

साहेबांनी मुद्दाम न शिकवलेला धडा काढला. 'मुलगा ओट्यावर बसला. आई अजून आली नाही.' गंगूनं ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं, "पोरगं वट्यावर बसलं. आय आजून आली न्हाई."

"हिला अक्षरओळख नाही. अंदाजानं बोलते," म्हणून साहेबांनी तिथंच पुस्तक मिटलं.

अंदाज? बोट प्रत्येक शब्दाखाली बरोबर होतं! वाचणं म्हणजे अर्थ घेणं, हेच ना आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं? तसं म्हणालोही. साहेब म्हणाले, "कॉलेजातलं कॉलेजात ठेवा." मग तिच्याच वर्गातल्या शंकरनं तेच खडाखडा वाचलं, एक चूक नाही. मुलगा कुठं बसला, असं मी विचारलं तर गप्प. तो पास.

संध्याकाळी वाटेत गंगूचा बाप भेटला. "ऱ्हाऊ द्या गुर्जी, न्हाई जमत तिला. आता म्हशींमागंच बरी." मी पुष्कळ समजावलं. तो आपला तेच म्हणत राहिला. गंगू त्याचं बोट धरून उभी. निघताना वळून म्हणाली, "गुर्जी, त्या पोराची आय आली का वो मंग?"

मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, सोमवारी शाळेत ये आणि तूच वाच.

आता वाटतंय, सांगायला हवं होतं. सोमवारी ती आलीच नाही तर?