दुखणं लपलं होतं कुठं

बाबा, प्रयोगशाळेत एक चांगली गोष्ट घडली आणि ती सगळ्यांत आधी तुला सांगावीशी वाटली, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी झालेय.

तुझा आजार कळला तेव्हा मी नववीत होते. तू मोहोपाड्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी. भाताची मोठाली पातेली एकट्याने उतरवणारा माणूस जिना चढताना धापा टाकायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि तुला नि आईला समजावून झाल्यावर मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फिक्या गुलाबी ठिपक्यांमध्ये मोठ्या जांभळ्या पेशींची गर्दी. किती सुंदर दिसतंय, मी बोलून गेले. आईने दंड धरून मला मागे ओढलं. तू मात्र हसलास. "सुंदर हाय ना? मंग नीट बघून घे गं. माझंच हाय."

मुंबईत उपचार झाले, तुझे केस गेले, आणि मग रिपोर्ट स्वच्छ आला. त्यानंतरचं वर्ष मी अजून पुरवून पुरवून आठवते. भिसेगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तू रविवारचं मटण करतोयस. नळी ताटावर आपटून मगज काढतोस आणि माझ्या भातावर ठेवतोस. रक्त हाडातल्या मगजात तयार होतं हे डॉक्टरांकडून कळल्यापासून तू स्वतः नळी खाणं सोडलंयस. आई कारण विचारते, तर म्हणतोस, माझाच बिघडलाय, दुसऱ्याचा कशाला खाऊ. आई चिडते. आपण दोघं हसतो.

मग ते दुखणं परत आलं. मी अकरावीत होते. कॉलेजला जाणं सोडून तुझ्या उशाशी बसायला लागले. काही दिवस तू चालवून घेतलंस, आणि एका सकाळी भिंतीला धरत धरत उठून माझी बॅग दारात नेऊन ठेवलीस. "हितं बसून माझं रगत वाढनार हाय का? जा." इतक्या कडक आवाजात तू माझ्याशी कधीच बोलला नव्हतास. मी चपला घालत होते तेव्हा मागून हळूच म्हणालास, "रिपोर्टात तर नाय म्हनले व्हते. मंग ह्ये लपलं व्हतं कुठं?" तुला उत्तर नको होतं बहुतेक. मी मात्र तो प्रश्न घेऊनच निघाले.

तर ऐक. आपल्या हाडांत काही मूळपेशी असतात, त्यांच्यापासून जन्मभर नवं रक्त तयार होत राहतं. ल्युकेमियाच्याही, म्हणजे तुला झालेल्या रक्ताच्या कर्करोगाच्याही, तशाच काही पेशी असतात, आणि त्या हाडाच्या एखाद्या कोपऱ्यात निजून राहतात. औषध मारतं ते मुख्यतः वाढणाऱ्या पेशींना; निजलेल्यांना फारसं लागतच नाही. रिपोर्टात दिसाव्यात इतक्या त्या नसतातही. त्यांना आधी जागं करायचं आणि मग औषध द्यायचं, असं आम्ही उंदरांवर करून पाहत होतो. वर्षानुवर्षं फसलो. या वेळी दुखणं परतलं नाही. पुन्हा करून पाहिलं, तरी नाही. माझे विद्यार्थी एकमेकांना पेढे भरवत होते आणि मी फोन हातात घेऊन जिन्यात उभी होते. कुणाला लावायचा ते कळेना.

शनिवारी भिसेगावला गेले. आई भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. माणसांना कधी, तिने विचारलं. अजून बरीच वर्षं लागतील, म्हटलं, कदाचित माणसांत जमणारही नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा ह्ये औषद आसतं, तर वाचले आसते का गं ते?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. खरं उत्तर तेवढंच आहे. तिने मान हलवली आणि माझं ताट वाढलं.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून कबूल करते. परतताना खोपोलीचा घाट चढता चढता मी तुला बरं केलं. कुठलं औषध, किती, कधी, सगळं मनात नीट मांडलं, आणि तू वाचलास. कानाने कमी ऐकणारा, माझ्या कालवणात मीठ नाही म्हणून कुरकुरणारा म्हातारा झालास. प्रत्येक चांगल्या निकालानंतर मी हेच करते, बाबा. उंदरांच्या नंतर आणि पेशंटांच्या आधी तू असतोस.