बिनकवाडाचं घर

शिंगणापूर,
कोजागिरीनंतरचा सोमवार

प्रिय गहिनीनाथराव,

जावयाला ‘प्रिय’ लिहितात हे मला बनुबाईनं आत्ता सांगितलं. आमच्या वेळी जावयाला पाटावर बसवायचं, ताटात तूप ओतायचं आणि तो जाईपर्यंत पदर सावरत उभं राहायचं, एवढंच ठाऊक. आणि तुम्ही तर नातजावई, म्हणजे दुधावरची साय. शेजारच्या गुरुजींची ही बायको लिहिते आहे आणि मी भिंतीला टेकून बोलते आहे. माझ्या ‘हाय’चं ती ‘आहे’ करते, आणि मधे एखादी शिवी आली की तिला ऐकू येत नाही. तेव्हा पत्र फार शहाण्या बाईचं वाटलं तर ती शहाणी मी नव्हे.

तुमचं नि केशरचं, दोघांचीही कार्डं एकाच दिवशी आली. एका खोलीत राहता, एका चुलीवरचं खाता, आणि मला वेगवेगळी कार्डं घालता. कर्ज फिटलं की माणूस उधळतो म्हणतात, ते हेच असावं. तुम्ही लिहिता, राहुरीचं घर पत्र्यापर्यंत झालं पण कवाडाला पैसे उरले नाहीत. आता कारखान्याचा सीझन लागेल, केशर विद्यापीठाच्या शेतावर रोजानं जाते, दिवसभर उघडं घर कुणाच्या भरवशावर टाकायचं? म्हणून अजून एक साल भाड्यानं काढू, सागवानी कवाड बसवू आणि मगच राहायला जाऊ. आजी, तुम्ही तिला समजवा. ती लिहिते, आजे, मी तुझ्या बिनकवाडाच्या घरात वाढले, मला काय झालं? वर्षाच्या भाड्यात दोन कवाडं होतील. आणि माझी जनावरं अजून एक साल तुझ्या गळ्यात? तू त्यांना समजव. दोघांनी मला पंच नेमलं, पण पंचाला पानसुपारी कुणीच धाडली नाही.

आधी जनावरांचं सांगते. घरमालक म्हणाला, खोलीत माणसं राहतील नाहीतर जनावरं, तेव्हा मागल्या साली तुम्ही कारखान्याच्या रिकाम्या ट्रकमधून तो गोतावळा माझ्या दारात उतरवलात. तीन पायांचं कुत्रं हवालदार, दूध न देणारी राणी शेळी, आणि ती मांजरी. तिचं नाव मी सावकारीण ठेवलं, कारण ती रोज ठरल्या वेळी येते, समोर बसते आणि वसूल केल्याशिवाय उठत नाही. चार दिवसांचे पाहुणे आहेत म्हणालात. आमच्या गावात रात्री उंबऱ्याला फळी टेकवतात ती चोरासाठी नव्हे, भटकं कुत्रं आत शिरू नये म्हणून. मला या वयात तीच फळी कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून टेकवावी लागली. आळीतल्या बाया बघायला येत होत्या. दगडाबाई तर म्हणाली, साळूबाई, शनिदेवाचा भरवसा सुटला का गं? मी म्हटलं, देव चोराला अडवतो, हवालदाराला कोण अडवणार?

साल दुष्काळाचं होतं. अख्खं गाव खडी फोडायला जायचं आणि रेशनवर ती तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, मिळायची. पहिल्या दिवशी हवालदारानं मिलोची भाकरी हुंगली आणि माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू त्याच्या वाटची बाजरी मीच लपवली. मग खाल्ली. मीही खाल्ली. एकटी असते तर कदाचित चूल पेटवली नसती, पाणी पिऊन पडून राहिले असते. पण तीन तोंडं टकामका बघत असली की म्हातारीला उठावं लागतं.

त्या साली लोकांनी दावणीची बैलं सोडून दिली. तुम्हालाही चार जणांनी सांगितलं, ती भाकड शेळी खाटकाला द्या, तेवढंच व्याज निघेल. तुम्ही म्हणालात, शेळी केशरची आहे, तिला विचारा. आणि तिला विचारायची कुणाची छाती? हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही, पोरीनं सांगितलं. दर अमावास्येला डोक्यावर पेंडीचं गाठोडं घेऊन चालत येत गेलात. देवाला तेल घातलंत की विसरलात ते देव बघून घेईल, पण शेळीला पेंड घालायला विसरला नाहीत.

आणि ते कर्ज तरी तुमचं कुठं होतं? तुमच्या वडिलांनी बहिणींच्या लग्नाला काढलेलं. ते गेले, तेव्हा हात वर केले असते तर तुमच्या जामखेडकडच्या गावाहून कोण तुम्हाला इथवर शोधत आलं असतं? पण तुम्ही ऊसतोडीला आलात, कारखान्यावर कामाला लागलात आणि पै-पै पोचती केलीत. शेवटच्या हप्त्याला सावकारानं चहा पाजला म्हणे. त्याच्या व्याजात म्हैस आली असती, चहा कसला पाजतो मेला. (हे बनुबाईला ऐकू आलं वाटतं.) केशरची आई गेली तेव्हा पोर माझ्या मांडीवर होती. तिला कुणाच्या हाती देते आहे, हे लग्नात मला काय कळणार? कळलं ते या सालभरात, पेंडीच्या गाठोड्यावरून.

कवाडावर तुम्ही का अडून बसलात हेही मला ठाऊक आहे, रागावू नका, तेही पोरीनंच सांगितलं. तुम्ही लहानपणी आई-बापांबरोबर ऊसतोडीहून सहा महिन्यांनी गावी परतलात, तर घराचं कवाडच कुणीतरी उपसून नेलेलं, कुलपासकट. आणि किल्ली आईच्या कमरेला. ती माउली किल्ली हातात धरून हसत बसली होती म्हणे, आणि तुम्ही रडत होता. ज्यानं हे पाहिलं त्याला बिनकवाडाच्या घरात झोप कशी यावी? केशरला हे नुसतं माहीत आहे, कळत नाही. कारण तिनं कवाड कधी गमावलंच नाही. तेव्हा तिच्यावर चिडू नका.

माझं उलटं. मी जन्मात एकदाच बंद कवाडाआड झोपायला गेले, ती तुमच्या त्या भाड्याच्या खोलीत, जनावरं अजून तुमच्याकडंच होती तेव्हा. तुम्ही रोजच्यासारखी कडी घातलीत आणि मला वाटलं, मला कणगीत भरून वरून शेण लिंपलं. उठले, कडी काढली आणि ओट्यावर हवालदाराशेजारी पासोडी टाकली. सकाळी सगळ्या चाळीनं बघितलं, जावयानं म्हातारीला कुत्र्याजवळ निजवलं. तुमची काय ती शोभा झाली. तुम्ही मला चहा आणून दिलात आणि लोकांसमोर माझ्याच शेजारी बसून प्यायलात. तरी त्यानंतर दर अमावास्येला निघताना विचारताच, आजी, चला आमच्याकडं. आणि मी दर वेळी नवीन सबब काढते. गुडघे, शेंगा काढायच्या राहिल्यात, शनिदेव काय म्हणतील. खरी सबब ती कडी होती. तुम्ही इतक्या मायेनं कवाड लावणार, आणि मी ते उघडं ठेवा कुठल्या तोंडानं सांगू?

तर आता पंचाचा निकाल ऐका. तुमचं बरोबर आहे, राहुरी म्हणजे शिंगणापूर नव्हे, आमच्या देवाची राखण आमच्या शिवेपर्यंत. उघडं घर रिकामं टाकून कामाला जाऊ नये. केशरचंही बरोबर आहे, फिटल्या कर्जाच्या माणसानं दुसऱ्याच्या खोलीला अजून साल का द्यावं? म्हणून घर उघडं राहू दे, रिकामं राहू नये. दिवाळीच्या अमावास्येला चालत नको, कारखान्याचा रिकामा ट्रक घेऊन या, शेळी, कुत्रं, मांजर चढवा आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जागा ठेवा, ती माझी. इथल्या घराची काळजी नाही, ते लावायचं नसतंच; बनुबाई दिवा लावील. पाडव्यापासून तुम्ही दोघं कामाला जा, मी उंबऱ्यात बसते, हवालदार पायाशी. कोण आत येतो बघू. गहिनीनाथराव, उभ्या जिल्ह्यात मला झोप येईल असं दुसऱ्याचं घर एकच आहे, आणि ते तुम्ही बांधलंत. पत्र लिहवलं ते एवढंच सांगायला, तोंडावर मला सांगता आलं नसतं. कवाड सागवानीच करा, भक्कम करा, तुमच्या आईच्या नावानं करा. पण सावकाश. माझ्यासाठी म्हणाल तर अजिबात घाई करू नका.

तुमचीच,
साळूबाई
(खाली अंगठा माझा आहे. शाई बनुबाईची.)