लताच्या फोटोला हार

२८ सप्टेंबर
बोर्ड लागला! दुकानाच्या काचेवर वरपासून खालपर्यंत आमची कारागीर लता. मी शिवलेलं मरून कोसा रेशमाचं ब्लाऊज, बाह्यांवर तिनेच भरलेली नक्षी. कॉलनीतल्या बाकीच्या बुटिकवाल्या नेटवरच्या गोऱ्या पोरी उचलून लावतात. त्या पाहिल्या की माझं डोकं फिरतं. लता रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती.
"ताई, हे मीच आहो का?"
गावी करडीला घरी सांगितलंस का, विचारलं. मायले सांगितलं, म्हणाली. भाऊ तापट आहे तिचा. त्याचं विचारायला हवं होतं.

२ ऑक्टो., दसरा
लता सुट्टीवर. परस्पर नाकाडोंगरीला मावशीकडे, मग घरी.
सासूबाईंनी पूजा केली. मशीन, कात्री, इस्त्री, माझी स्कूटी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मग बाहेर जाऊन बोर्डालाही. थेट लताच्या गळ्याशी. "तेही धंद्याचं अवजारच ना गं," म्हणाल्या. छानच दिसत होतं. फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला टाकला.

३ ऑक्टो.
तळहाताला टाके. अक्षर वाकडं येतंय.
शटर वर केलं तोच लताचा भाऊ गणेश आला, हातात काठी. पहिला फटका काचेवर.
"जित्या पोरीच्या फोटोले हार काहून घातला? माही माय तळ्याच्या पाळीवर डोकं आपटून राहिली होती!"
तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्टेटस फिरत फिरत करडीला गेला. हार घातलेला फोटो बघून कोणीही काय समजणार? मावशीकडे रेंज नाही, लताचा फोन लागेना. अख्खं गाव दारात रडायला जमलं. आणि संध्याकाळी लता हसत हसत बसमधून उतरली. मायने तिला कवटाळलं. गणेशने केस धरून मायच्या कुशीतून ओढली आणि काठीने हाणली. गावासमोर तमाशा केला म्हणून, बोर्डावर उभी राहिली म्हणून. बोर्ड फाडता फाडता स्वतःच सांगत होता.
"हातच मोडला तिचा. आता भरन नक्षी?"
मी कापडाची मोठी कात्री उचलली. त्याने माझी वेणी धरून मला काचांवर पाडलं. मी कात्री त्याच्या दंडात खुपसली. तो ओरडला, वेणी सुटली, तरी मी परत मारली. शेजारच्यांनी ओढून बाजूला केलं.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

४ ऑक्टो.
हे म्हणतात तक्रार नको, तुझ्यावरही केस होईल. बाजूचा साडीवाला आला शहाणपणा शिकवायला.
"मॅडम, गावातली पोरगी कायले लावता बोर्डावर?"
तोंडावर दार आपटणार होते, पण दाराला काच कुठे आहे!

५ ऑक्टो.
करडीला गेले. सासूबाई हट्टाने सोबत. "हार मी घातला, मी येणार." लताच्या मायचे पाय धरायला वाकल्या, तर तिनेच सासूबाईंना मिठी मारली. दोघी रडल्या. मला रडू येईना, नुसता संताप.
गणेश ओट्यावर, दंडाला पट्टी. माझ्याकडे बघून थुंकला. मीही थुंकले.
लता आत. एक डोळा बंद, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. तीच आधी बोलली.
"बोर्ड आहे का अजून?"
"फाडला त्याने."
"मंग दुसरा लावा."
माय दारातून हळूच म्हणाली, "तिले घेऊन जा बाई. इथं हा मारून टाकन." लताने नकारार्थी मान हलवली. आपल्या पायानं येईन, म्हणाली.

७ ऑक्टो.
नवी काच लागली. फोटो तोच. सासूबाई हार न घालता नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या.
सकाळी लताचा फोन. आजच्या बसने येते. मागून गणेशचा आवाज आला, "मी बी येतो, पाहू कोण लावते फोटो." फोन कटला. परत लावला, बंद.
लता एकटी यावी असं वाटतं. आणि तोही यावा असंही वाटतं. या दुसऱ्या वाटण्याची मला भीती वाटते.
कात्री सासूबाईंनी धुऊन कपाटात ठेवली होती. मी काढून काउंटरवर ठेवली आहे. बस यायची आहे.